कमी छापायचं म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यात, वेवजी आहे. गावाची शीव ओलांडली की गुजरात लागतो: सोळसुंबा, उंबरगाव, उंबरगावची औद्योगिक वसाहत. १९६० साली द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं तिकडे गेली, काही इकडे राहिली. हद्द नेमकी कुठून जाते यावरून वेवजी आणि सोळसुंबा यांच्यात अगदी अलीकडेपर्यंत कुरबुरी झाल्या आहेत. माणसं मात्र हद्द विचारून ये-जा करत नाहीत, आणि मालही नाही. दुकानाच्या फळीवर मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी सगळ्या लिप्यांतली पाकिटं एकमेकांना खेटून उभी असतात.

या पट्ट्यात चिकू पिकतो, त्याच्या चिप्स आणि पावडर होते, लोणची-मसाले होतात, वारली चित्रं काढली जातात. माल चांगला असतो, पण तो कशात घालून विकायचा हा प्रश्न पडला की हल्ली एकच सल्ला सगळीकडून येतो: मिनिमल ठेवा. खाकी किंवा पांढरा खोका, मधोमध नाजूक अक्षरांत नाव, बाकी मोकळी जागा. सल्ला वाईट नाही. पण त्याच्याबरोबर गैरसमजांची मोठी वरात येते, आणि तिच्या खर्चाचा बोजा लहान उत्पादकावर पडतो.

“असं साधं वेष्टन म्हणजे परदेशातून आलेली नवी तऱ्हा”

नवी म्हणावी तर किराणा दुकानातली पुडी आठवून पाहा. कागदाचा तुकडा, त्यात पावशेर तूरडाळ, वरून दोऱ्याचे दोन वेढे. त्यावर नाव नाही, खूण नाही. अनेक पिढ्यांनी असंच धान्य आणि मसाले घरी आणले, आणि फसवणूक झालीच तर कुणाशी भांडायचं हे त्यांना माहीत होतं, कारण दुकानदाराचा चेहरा हीच त्या मालाची खूण होती. (पुडीची फार आरती ओवाळण्यात मात्र अर्थ नाही. वर्तमानपत्राच्या शाईतली रसायनं खाण्यात उतरतात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली अशा कागदात अन्न बांधू नका असं स्पष्ट सांगितलं.)

आणखी जवळचं उदाहरण वेवजीच्या शेजारीच आहे. नटराज आणि अप्सरा पेन्सिली बनवणाऱ्या, १९५८ साली सुरू झालेल्या हिंदुस्तान पेन्सिल्सचा कारखाना उंबरगावात आहे. नटराज ६२१ ही पेन्सिल डोळ्यांसमोर आणा. लाल आणि काळ्या उभ्या पट्ट्या, एका टोकाला बोटभर जागेत नाव. अक्षरओळख नसलेलं पहिलीतलं पोरही ढिगातून ती अचूक उचलतं. पेन्सिलीच्या अंगावर यापेक्षा जास्त मावतच नाही, म्हणून ओळखीचं काम पट्ट्यांवर सोपवलं गेलं, आणि त्या पट्ट्या वर्षानुवर्षं बदलल्या नाहीत. हा संयम कुठल्या परदेशी मासिकातून उचललेला नाही.

जपानच्या मुजी या ब्रँडचं नाव या चर्चेत हमखास निघतं. १९८० साली सेइयू या सुपरमार्केट साखळीने चाळीस वस्तूंनिशी तो सुरू केला. २०१६ साली मुंबईतही त्याचं दुकान उघडलं. लोक मुजीचा खाकी कागद पाहतात आणि तेवढाच उचलतात. पण मुजीचा सुरुवातीचा दावा सौंदर्याचा नव्हता, किमतीचा होता. वस्तू स्वस्त आहे आणि त्याला कारण आहे, असं ते सांगत. कागद धुऊन पांढरा केला नाही, आकाराने वाकडे-तुटके मश्रूमही टाकून दिले नाहीत, म्हणून भाव कमी; आणि हे कारण वस्तूच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या ‘गप्प’ वेष्टनावर प्रत्यक्षात बराच मजकूर होता. त्यात बढाई तेवढी नव्हती.

“जुनी भरगच्च लेबलं म्हणजे निव्वळ अडाणीपणा”

असं म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक कोण होतं याची कल्पना नसते. मँचेस्टरहून आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतून निघणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवादिकांची, राजेरजवाड्यांची रंगीत चित्रं चिकटवलेली असत. खेडोपाडीचा खरेदीदार वाचू शकत नसे. गेल्या वेळचाच तागा हा, हे त्याला चित्रावरून पटे. घोडा छाप, उंट छाप, गाय छाप ही नावं त्यातूनच आली. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ साली गिरगावात शाईचा धंदा काढला तेव्हा त्यांच्या शाईच्या पुडीचं नाव हॉर्स ब्रँड होतं. मग उंट आला, कॅमल इंक आली आणि तिच्यावरून कॅमलिन. आज कंपनीत जपानच्या कोकुयोचा मोठा हिस्सा आहे, तिचा एक कारखाना याच जिल्ह्यात तारापूरला आहे, आणि रंगांच्या ट्यूबवर उंट अजून उभा आहे.

म्हणून जुन्या लेबलांना मी नावं ठेवणार नाही. बहुभाषिक आणि निरक्षर बाजारात चित्र हाच सगळ्यांना कळणारा मजकूर होता. वेवजी-उंबरगावचा बाजार आज साक्षर झाला असला तरी बहुभाषिक आहेच. तिथे इंग्रजीच्या लहान लिपीत, केसाएवढ्या जाडीच्या अक्षरांत नाव छापून बाकी खोका कोरा ठेवणं याला संयम म्हणता येत नाही. ते गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवणं झालं.

“नाव जितकं बारीक, तितका ब्रँड मोठा”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच.

मास्टरकार्डने जानेवारी २०१९ मध्ये आपल्या चिन्हातून स्वतःचं नाव काढून टाकलं. उरली फक्त एकमेकांत गुंतलेली लाल-पिवळी वर्तुळं. ही बातमी सगळ्या डिझाइनरांनी कौतुकाने वाटली. पण ती वर्तुळं साठच्या दशकापासून जगभरच्या दुकानांच्या दारांवर होती, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक ती नावावाचून ओळखतात हे कंपनीने आधी तपासून घेतलं होतं. नाव काढण्याची मुभा त्यांनी पन्नास वर्षं नाव छापून कमावली. कालपरवा सुरू झालेल्या चिकू चिप्सच्या पाकिटाला ती मुभा आयती मिळत नाही.

आणि कमावलेली ओळख असली तरी ती नेमकी कशात आहे हे ठाऊक नसेल तर काय होतं, याचा धडा ट्रॉपिकानाच्या नावावर जमा आहे. अमेरिकेत या संत्र्याच्या रसाच्या खोक्यावर वर्षानुवर्षं एक चित्र होतं: संत्र्यात थेट खुपसलेली नळी. जानेवारी २००९ मध्ये मालक कंपनी पेप्सिकोने नवा, स्वच्छ, आधुनिक खोका आणला. संत्रं गेलं, नळी गेली, नाव आडव्याचं उभं झालं आणि अक्षरं हलकी झाली. समोर आला एक ग्लासभर रस. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली. लोक फळीसमोर उभे राहून आपला नेहमीचा रस शोधत होते आणि तो समोर असूनही त्यांना दिसत नव्हता. नवा खोका त्यांना दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त मालासारखा वाटला. फेब्रुवारी संपण्याआधीच जुना खोका परत आणायचं जाहीर झालं.

आतला रस तोच होता, किंमतही तीच होती. चूक एवढीच झाली की ज्या खुणेवर ओळख टांगली होती तीच ‘जास्तीची’ म्हणून काढली गेली. डिझाइनर आपल्या खोक्यावर काम करायला बसला की तोही हाच घोळ घालू शकतो, कारण रोज वापरणाऱ्याला नेमकं काय दिसतं हे त्याला टेबलाशी बसून कळत नाही. दुकानातली नजर वेगळी असते. ट्यूबलाइटचा निळसर उजेड, वरच्या फळीवरचा माल, घाईतलं गिऱ्हाईक, आणि दुकानदाराला बोटाने दाखवून “ते हिरवं द्या” असं सांगायची सवय. ज्या पाकिटाकडे असं बोट दाखवता येत नाही, ते मागितलंही जात नाही.

मग मिनिमल करायचंच नाही का? करावं, पण काय काढायचं याआधी काय एकच ठेवायचं ते ठरवून. रंग ठेवा, किंवा आकार ठेवा, किंवा एक चित्र ठेवा. आणि ते इतकं ठळक ठेवा की दहा फुटांवरून त्याला नाव देता यावं. बाकीचं खुशाल गप्प राहू दे.

“कमी छपाई म्हणजे कमी खर्च”

अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं जास्त फसवतं. प्लास्टिकच्या पाउचवर ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापताना प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सहाऐवजी दोन रंग वापरले तर चार सिलिंडरांचे पैसे वाचतात. इथवर हिशोब बरोबर आहे. पण सिलिंडर परवडायचे तर माल मोठ्या संख्येने छापावा लागतो, आणि लहान उत्पादकाचा माल तेवढा नसतो. त्याच्यासाठी कोरं पाउच आणि वर छापील स्टिकर हाच शहाणपणाचा मार्ग असतो. दिसायलाही तो पुरेसा साधा असतो.

दुसरीकडे, भरगच्च छपाईत दोष लपतात, मोकळ्या छपाईत ते उघडे पडतात. सलग एका रंगाचा मोठा पट्टा छापला की त्यात रेघा दिसतात, घडीवर रंग उडतो. पांढऱ्या खोक्यावर टेम्पोतल्या प्रवासातच बोटांचे डाग उमटतात. नालीदार पुठ्ठ्यावर रबरी प्लेटने छापताना शाई थोडी पसरते, म्हणून बारीक अक्षरांची पोटं भरून जातात आणि खाकीवर उलटी सोडलेली बारीक अक्षरं तर नाहीशीच होतात. संगणकाच्या पडद्यावर नाजूक दिसणारी रेघ छापखान्यातून बाहेर येताना एकतर तुटते किंवा सुजते. हे सांभाळायचं तर चांगला पुठ्ठा, जास्त काळजी, कधी उठावदार डाय किंवा फॉइल लागतं, आणि वाचलेले पैसे तिथे जातात. भारी साधेपणा बहुतेकदा महाग कागदाचा असतो. तो उधार घेता येत नाही.

“खाकी दिसतं ते पर्यावरणाला बरं”

चिप्स किंवा मसाल्याचं उभं राहणारं खाकी पाउच हातात घ्या आणि तोंडाजवळ फाडा. कागदाचे तंतू निघतील आणि त्यांच्यामागे चकचकीत पापुद्रा दिसेल. तो प्लास्टिकचा असतो, कधी त्यात ॲल्युमिनियमचाही थर असतो. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने ते सुटे करून पुन्हा वापरणं जवळपास अशक्य असतं. भंगारवालाही ते घेत नाही. उघडपणे प्लास्टिकचं दिसणारं एकाच थराचं पाकीट निदान पुनर्वापराला जाऊ शकतं. काही पाउचवर तर खाकीपणाही छापलेला असतो: पांढऱ्या फिल्मवर तपकिरी पोत.

म्हणून उत्पादकाला खोटं ठरवायचं नाही. सुकवलेल्या चिकूचे काप हवेतलं पाणी भराभर शोषतात. नुसत्या कागदात ते पावसाळ्यात आठवडाभरही कुरकुरीत राहणार नाहीत, आणि पालघरचा पावसाळा काही नावापुरता नसतो. आतला थर गरजेचा आहे. मात्र तो असताना वर पान काढून ‘निसर्गाचं देणं’ असं काही लिहिणं टाळावं, एवढी अपेक्षा ठेवता येते.

खाकीचा खरा मोठा वापर आहे तो खोक्यांत. महामार्गाने उत्तरेला वापीला गेलं की रद्दी कागदापासून क्राफ्ट कागद बनवणाऱ्या गिरण्यांची रांग आहे. फळांच्या पेट्यांसाठी हा पुठ्ठा उत्तम. पिकणारा चिकू श्वास घेतो, उष्णता आणि इथिलीन वायू बाहेर टाकतो, म्हणून पेटीला भोकं लागतात. ती कुठे पडणार हे चित्र आखायच्या आधी ठरलेलं असावं, नाहीतर नावाच्या मधोमध भोक येतं. असं नाव अर्धं गिळलेल्या पेट्या बाजारात दिसतात.

आणि इथे एक साधी गोष्ट कुणी बोलत नाही. चिकू तपकिरी, त्याचे काप तपकिरी, पावडर तपकिरी. खाकी कागदावर तपकिरी शाईत चिकू म्हणजे तपकिरीत तपकिरी बुडाली. आंब्याच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या मालाला खाकी शोभतं, कारण फळ आपला रंग घेऊन येतं. इथल्या कालीपत्ती जातीच्या चिकूकडे तो नाही. त्याचं देखणेपण कापल्यावर दिसतं. चिकूवाल्याने मिनिमल व्हावं, पण पांढऱ्यावर, किंवा त्याच्या पानाच्या गडद हिरव्यावर.

तपकिरी साधेपणाचं एक उलटं उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून सिगारेटच्या पाकिटांवरची सगळी बोधचिन्हं आणि रंग काढून टाकले. सगळ्या कंपन्यांची नावं एकाच साध्या अक्षरांत, आणि पाकिटाला एक मळकट शेवाळी-तपकिरी रंग, जो पाहणी करून सगळ्यात नावडता म्हणून निवडला होता. म्हणजे मोकळं आणि तपकिरी असण्यात मुळात काही मोहक नाही. सरकारने तीच कृती शिक्षा म्हणून वापरली आहे.

“कायद्याचा मजकूर मागे बारीक करून टाकला की झालं”

नाही झालं. बंद पाकिटात विकल्या जाणाऱ्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तारीख, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं २०११ च्या वैध मापन नियमांनी बंधनकारक केलं आहे, आणि आकड्यांची उंचीही ठरवून दिली आहे. खाण्याचा पदार्थ असेल तर घटक, पोषणमूल्यं, बॅच आणि चौदा आकडी परवाना क्रमांक त्यात जोडा. घोषणा हिंदीत किंवा इंग्रजीत हव्यात. मराठी, गुजराती त्याच्या जोडीला चालते, त्याच्याऐवजी नाही. सीमेवरच्या उत्पादकाने हे आधीच मोजून ठेवावं, कारण दुसरी लिपी आली की जागा दुप्पट लागते.

हिरवा ठिपका तर समोरच्याच बाजूला, नावाजवळ आणि उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर लागतो. समोरची बाजू शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास किमान तीन मिलिमीटर. एकरंगी डिझाइनचा सूर बिघडतो म्हणून तो तपकिरीत छापणारे आहेत. तपकिरी खूण ही मांसाहाराची आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

हाच मजकूर नीट मांडला तर वेष्टनाला शोभा देऊ शकतो. मागची बाजू एका स्वच्छ चौकटीत, सारख्या ओळींत, वाचता येईल अशा आकारात लावली की गिऱ्हाइकाचा विश्वास समोरच्या मोकळ्या जागेपेक्षा तिथे जास्त बसतो. लोक मागची बाजू उलटून तारीख पाहतात.

“वारली चित्र टाकलं की पाकीट साधंही होतं आणि स्थानिकही”

डहाणू-तलासरीच्या मालावर हे हमखास दिसतं. कोपऱ्यात तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हात धरून नाचणारी माणसं, त्रिकोणावर उलटा त्रिकोण ठेवलेली अंगं. दोन रंगांत काम भागतं, म्हणून ते मिनिमल समजलं जातं.

वारली चित्रात रंग दोन हे खरं. भिंतीवरचा गेरू किंवा शेणामातीचा सारवा, आणि वर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. पण लग्नाचा चौक पाहा. सवाशिणी तो लिहितात, मध्ये पालघट देवी असते, आणि चौकटीच्या पट्ट्यांत, कोपऱ्यांत, बाहेरच्या झाडांत, माकडांत, वरातीत, शेतात जागा शिल्लक नसते. साधनं मोजकी, आशय ठासून भरलेला. खोक्यावर येतं ते नेमकं उलटं: त्या दाटीतून एक माणूस तोडून कोऱ्या जागेत टांगलेला. त्याचं लग्नही नाही, देवीही नाही, शेतही नाही. मला ही चित्रं खोक्यावर दिसली की खटकतात ती एवढ्याचसाठी.

भिंतीवरून कागदावर हे चित्र आलं सत्तरच्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी इथल्या पाड्यांवर फिरले, आणि जिव्या सोमा म्हसे यांचं काम बाहेर पोचलं. म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, आयुष्य गेलं डहाणूतल्या गंजाडच्या कलंबीपाड्यावर. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. २०१८ साली ते गेले. मासे पकडायच्या जाळ्याचं त्यांचं चित्र पाहिलेल्या माणसाला रेघेची काटकसर कशाला म्हणतात ते वेगळं शिकवावं लागत नाही. एक रेघ वळते, गुंतते, पसरते आणि सगळा कागद जाळं होतो.

कायद्याचा भाग असा. २०१४ साली ‘वारली चित्रकला’ या नावाला भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळालं, म्हणजे नावाला संरक्षण आहे. त्रिकोणी माणसाच्या आकृतीवर कुणाचा एकट्याचा हक्क नाही, पण एखाद्या चित्रकाराने काढलेल्या विशिष्ट चित्रावर त्याचा स्वामित्वहक्क असतोच. इंटरनेटवरून उचललेली फाइल छापखान्यात देण्यापेक्षा पाड्यावरच्या चित्रकाराकडून आपल्या मालासाठी चित्र काढून घ्यावं, लेखी परवानगी आणि मोबदला ठरवावा, आणि पाकिटावर त्याचं नाव छापावं. एवढ्या जवळ चित्रकार असताना फुकटच्या फाइलींवर भागवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

“घोलवडचा चिकू म्हणून कुणीही छापावं, आपलंच तर आहे”

मिनिमल खोक्यावर एकच गोष्ट ठेवायची तर ती कोणती, याचं उत्तर डहाणूच्या बागायतदाराकडे तयार आहे. ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाला २०१६ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली; ती महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाकडे आहे. इथल्या चुनखडीयुक्त जमिनीत येणाऱ्या फळाची गोडी हा त्या नोंदणीचा आधार. २०२१ मध्ये या नावाने माल ब्रिटनला गेला. इतकी वर्षं, इतक्या बागांनी मिळून कमावलेली ओळख ही. पेटीवर तेवढंच ठळक छापलं तरी बाकी काही लागू नये.

पण नोंदणी झाली म्हणजे नाव मोकळं झालं असं नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते वापरायचा हक्क नोंदणीधारकाला आणि ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद झालेल्या उत्पादकालाच आहे. आखून दिलेल्या क्षेत्राबाहेर पिकलेल्या चिकूला ते लावता येत नाही, मग तो शेजारच्या गावचा का असेना. तलासरीच्या बागायतदाराने छपाईआधी क्षेत्राचा नकाशा पाहून घ्यावा. व्यापाऱ्यांनी इतर ठिकाणचे चिकू याच नावाच्या पेटीत भरले तर नुकसान होतं ते घोलवडचंच. देशातल्या सगळ्या भौगोलिक निर्देशनांसाठी २०१८ मध्ये एक समान चिन्हही आणलं गेलं. ते लहान आहे, साध्या पेटीवर चांगलं बसतं, आणि नाजूक अक्षरांतल्या नव्या नावापेक्षा दिल्लीच्या घाऊक बाजारात जास्त बोलतं.

अधिकृत वापरकर्ता होण्यासाठीचा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात करायचा असतो, नमुना जीआय-३. त्याचं शुल्क २०२० च्या दुरुस्तीत पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणण्यात आलं.